नदीचं कडवं

२ मार्च १९४८

हिंगोलीच्या बाजारात रद्दीच्या ढिगात एक इंग्रजी पुस्तक सापडलं. पुठ्ठा गेलेला, सुरुवातीची पानं उंदरांनी वाचून संपवलेली. प्राचीन ग्रीकांच्या प्रहसनांविषयी आहे. पाठशाळेत घासून निघालेल्या माणसाने परक्यांचे विनोद वाचावेत का, हा प्रश्न सौ. पार्वतीबाईंनी विचारला नाही. त्यांनी विचारलं, गूळ कुठाय. गूळ बाजारातच राहिला होता.

मौज अशी की अथेन्स नगरीत एखाद्या पुढाऱ्याला खाली ओढायचं असलं तर हे नाटककार त्याला चोर म्हणत बसत नाहीत. चोर तर सगळेच. ते म्हणतात, हा इथला नाही. एक पुढारी चामड्याचा व्यापारी, पिढ्यान् पिढ्या अथेन्सचा. त्याला नाटकात काळ्या समुद्राच्या काठच्या पाफ्लागोनिया नावाच्या मुलुखातून विकत आणलेला गुलाम करून टाकला. दुसऱ्याची आई थ्रेस प्रांताची ठरवली. लोक पोट धरधरून हसले. भूगोल हीच शिवी.

आम्ही संस्कृतवाल्यांनी भूगोल वाया घालवला. रोज संकल्पात ‘गोदावर्याः उत्तरे तीरे’ म्हणून देवाला घरचा पत्ता सांगतो, जसं काही तो टपाल धाडणार आहे.

४ मार्च

हिरासिंग बातमीचा कागद घेऊन गेला. मी ज्या साप्ताहिकाचा बातमीदार आहे ते पैनगंगेपलीकडे छापलं जातं, आणि निजामसरकारने त्याला इकडे बंदी घातली आहे. म्हणजे माझं लेखन सगळ्यांना वाचायला मिळतं, मला सोडून.

सध्या नदी म्हणजेच सरहद्द. अल्याड निजाम, पल्याड हिंदुस्थान. इकडून पळालेल्या पोरांची छावणी उमरखेडला आहे. ती नदी ओलांडून येतात, सरकारी नाकी जाळतात आणि परत जातात. त्यामुळे ‘पल्याडचा’ हा शब्द हल्ली पोलिसांच्या कानाला फार गोड लागतो. रझाकारांच्या टोळ्यांना त्याहून गोड.

हिरासिंग आमच्या गावच्या लमाण तांड्याचा नाईक. त्याची बहीण पल्याड दिली आहे, त्यामुळे बैल घेऊन त्याला येता-जाता येतं. कागद बैलाच्या झुलीत शिवून नेतो. आज म्हणाला, “बुवा, जरा कमी लिवत जा. झुलीत मावत न्हाई.” साप्ताहिकाच्या संपादकांचंही हेच मत आहे.

८ मार्च

तातेरावांनी बोलावलं होतं. निम्मी शिवारं त्यांची, उरलेल्यावर त्यांची नजर. सरकार लेव्हीची ज्वारी गोळा करतं, त्या समितीचे ते अध्यक्ष. या वर्षी हिरासिंगला तांड्यातर्फे समितीत घ्यावं लागलं. त्याने पहिल्याच बैठकीत सांगितलं की तांड्याची ज्वारी ज्या मापाने मोजता, त्याच मापाने अध्यक्षांची मोजा. बैठक तिथेच संपली.

तातेराव म्हणाले, यंदा धुळवडीला घोंगडीवर हिरासिंगला बसवू.

आमच्या गावची ही रीत शेजारच्या गावांत नाही. धुळवडीला पारासमोर घोंगडी अंथरतात. वर्षातून एका माणसाला तिच्यावर बसायचा मान. त्याचं सोंग घेऊन गावचा ढोलकीवाला सोनाजी गाणं म्हणतो, वाटेल ते आरोप करतो. प्रत्येक कडव्यानंतर गाव विचारतं, “खरं का?” बसलेल्याने हसून “व्हय” म्हणायचं. नाही म्हटलं किंवा रागावला, तर त्या साली गावावर अरिष्ट येतं, आणि त्याचं पाणी-विस्तव बंद होतं. गेल्या साली खुद्द तातेराव बसले होते. त्यांच्या मिशा सासूकडून उसन्या आणलेल्या आहेत, असा आरोप होता. त्यांनी “व्हय” म्हटलं.

तांड्यातला माणूस घोंगडीवर आजवर कधी बसला नव्हता. मी म्हटलं, तांड्याला मोठा मान दिलात. तातेराव म्हणाले, “द्यायलाच पाहिजे. गाणं तुमी करा, शास्त्रीबुवा. सोनाजीला काय येतं, नाक-तोंड.”

मला ग्रीक आठवले.

१५ मार्च

गाणं झालं. पहिली कडवी नाका-दाढीची, गावाच्या सवयीची. शेवटचं कडवं मात्र या तालुक्यात आजवर कोणी केलं नसेल असं उतरलं आहे.

इथलं पाणी, इथला दाणा, तिथं गहाण जीव,
मधी वाहते पैनगंगा, मागं-पुढं शीव.
कुणी म्हणा हा गावकरी, कुणी म्हणा हा चोर,
पल्याडचा हा पाव्हणा गं, अल्याड बांधी ढोर.

‘जीव’ आणि ‘शीव’ हे यमक आपोआप आलं. आपोआप आलेलं यमक मोडू नये, असं माझे गुरुजी म्हणत.

सोनाजीने चाल लावली तेव्हा तातेराव ओट्यावर होते. शेवटचं कडवं त्यांनी तीनदा म्हणायला लावलं. जाणकार नसलेल्या माणसालाही चांगलं काव्य कळतं, हे यावरून सिद्ध होतं.

२१ मार्च

सोनाजीच्या पोटात काही राहत नाही. गाणं तांड्यावर पोचलं. हिरासिंग दुपारी आला. बराच वेळ ज्वारीच्या कणसांवर पडलेल्या किडीविषयी बोलला. उठताना म्हणाला, “बुवा, नाकाचं म्हना, दाढीचं म्हना. बायकूचं म्हना, ती बी हसंल. नदीचं तेवढं काढा.”

मी त्याला समजावून सांगितलं. एक, शेवटचं कडवं काढलं तर गाणं लंगडं होतं. दोन, जी गोष्ट गावाने हसण्यावारी नेली, ती पुढे खरी म्हणून कोणी सांगत नाही. म्हणजे हे कडवं त्याचं रक्षणच करील. अथेन्समध्ये त्या चामड्याच्या व्यापाऱ्याचं काहीही वाकडं झालं नाही. नाटकानंतर लोकांनी त्यालाच पुन्हा निवडून दिलं.

त्याने विचारलं, तिथं रझाकार होते का.

मी म्हटलं, तिथेही लढाई चालू होती. हे खरंच आहे.

“मग बसू नकोस,” असंही म्हणालो. तो म्हणाला, “न बसून कसं? तांड्याचं पानी गावच्या हिरीवर हाय.” घरी रूपाबाईने त्याचा फेटा धुऊन, खळ घालून ठेवला आहे म्हणे. नवऱ्याला मान मिळतोय याचाच तिला आनंद.

तो गेल्यावर सौ. म्हणाल्या, एक कडवं काढलं असतं तर तुमचा काय हात मोडला असता. काव्याच्या बाबतीत मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

२५ मार्च, धुळवड

उत्तम झालं. तांड्यातली सगळी माणसं आली होती, बायका काचेच्या भिंगांचे घागरे घालून. हिरासिंग घोंगडीवर ताठ बसला होता. सोनाजीने त्याची चाल अशी उचलली की तांड्यातली लेकरंही खिदळली. नाकाच्या कडव्याला “व्हय”. दाढीच्या कडव्याला “व्हय”. तो बैलाला बायकोहून जास्त चारा घालतो, यालाही “व्हय”, आणि रूपाबाईने तोंडाला पदर लावला.

मग नदीचं कडवं. पाराच्या कडेला नाक्यावरचे दोन शिपाई उभे होते, तेही पुढे सरकले. ते कसे आले कोण जाणे. तातेरावांनी फराळाला बोलावले असतील.

गावाने विचारलं, “खरं का?”

हिरासिंगने गर्दीत मला शोधलं. मी मान हलवली. म्हणजे, म्हण की, यात काय आहे, अशा अर्थाने.

“व्हय,” तो म्हणाला.

इतका मोठा हशा मी गावात कधी ऐकला नव्हता. तातेरावांनी उठून स्वतःच्या हाताने त्याला गुलाल लावला.

९ मे

आज सकाळी तालुक्याचे पोलीस अधिकारी अमीनसाहेब सात-आठ शिपाई घेऊन आले आणि हिरासिंगला तांड्यावरून उचलून नेलं. मागच्या आठवड्यात नदीवरचं सरकारी नाकं जळलं, त्याचा तपास. आरोप असा की तो पल्याडच्या छावणीचा माणूस आहे. त्याने स्वतः पाचपन्नास लोकांसमोर कबूल केलं आहे, असं अमीनसाहेबांचं म्हणणं. तातेराव हळहळले. म्हणाले, “आपून काय, हसायला गेलतो.”

मी घरातले जुने मसुदे चुलीत घातले. उन्हाळ्यात साफसफाई करावीच लागते.

११ मे

रूपाबाई आली. दारातच बसली. सौ.नी पाणी दिलं ते तिने प्यायलं नाही, तांब्या मांडीवर धरून बसली. ती तालुक्याला चालत जाऊन अमीनाला भेटली होती. तो म्हणाला म्हणे, की हे नुसतं गाणं असेल तर ज्याने रचलं त्याने समोर येऊन सांगावं. मी त्याला विचारीन, आणि खरं वाटलं तर तुझा नवरा घरी जाईल.

“बुवा, तुमी निस्तं इतकं म्हना. गानं मी केलं. हसायला केलं. बस.”

मी म्हटलं, जातो.

“त्यानं तुमचं नाव घेतलं न्हाई,” ती म्हणाली. “मारून राहिले तरी घेतलं न्हाई. भाईर आयकू येते.”

हे ऐकून बरं वाटलं, असं लिहिणं बरं दिसत नाही. पण वाटलं.

१३ मे

गेलो. अमीनसाहेब सुसंस्कृत गृहस्थ. खुर्ची दिली, चहा मागवला. तो मी दोन्ही हात जोडून नाकारला. त्यांना विषय कळावा म्हणून मी मुळापासून सुरुवात केली. अथेन्स, प्रहसनं, पुढाऱ्याला परक्या मुलुखाचा ठरवण्याची युक्ती. माणूस रसिक, मन लावून ऐकत होता.

त्यांनी विचारलं, तो चामड्याचा व्यापारी खरोखर बाहेरचा होता का. मी म्हटलं, नाही, तिथलाच. आणि दुसरा, ज्याची आई परकी म्हणाले, तो? विद्वानाने खोटं बोलू नये. मी म्हटलं, त्याच्याविषयी मात्र खात्रीने सांगता येत नाही, काही तथ्य असावं. अमीनसाहेबांनी मान डोलावली. मग ज्याने हे लिहिलं त्याचं पुढे काय झालं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुढाऱ्याने त्याला कोर्टात खेचलं, आणि तोच मुळात परगावचा आहे असा आरोप त्याच्यावर ठेवला, असं पुस्तकात आहे.

ते हसले. मग पुढे वाकून सावकाश म्हणाले, “और आप के गाँव में, पंडितजी? ये किसने लिखा?”

आतल्या बाजूला कोणीतरी खोकत होतं. हिरासिंग नसावा. त्याचा खोकला मला ओळखता येत नाही.

अशा वेळी माणसाला आपल्या कार्याचा विचार करावा लागतो. मी पकडला गेलो तर या तालुक्याची बातमी बाहेर नेणार कोण? आणि माझ्या घराची झडती झाली तर हिरासिंगचाच त्रास वाढेल, कारण कागद तोच नेत होता. मी म्हटलं, अशी गाणी कोणी एक माणूस करत नाही, साहेब. परंपरा असते. गाव करतं.

“गाव करतं,” ते म्हणाले. “म्हणजे गावाचं म्हणणं आहे. मग गाव खोटं कसं बोलेल?”

त्यांनी पानाचा डबा पुढे केला. तर्कशुद्ध माणूस. आमच्या पाठशाळेत असते तर त्यांनी न्यायशास्त्र शिकवलं असतं.

बाहेर रूपाबाई भिंतीच्या सावलीत बसली होती. मी तिला सांगितलं की साहेबांना विषय पटला आहे.

घरी सौ.नी पान वाढलं. भाजीत मीठ नव्हतं. मागितलं, तर त्या ओसरीवर निघून गेल्या होत्या.

३ जून

हिरासिंग कोठडीत वारला. पटकी झाली असं कळवलं आहे. तांड्यातली माणसं गाडी घेऊन गेली होती. तळपायांना कातडं नव्हतं, असं त्यांच्या बायका म्हणतात. पटकीत असं होतं का, हे वैद्यांना विचारलं पाहिजे.

अखेरपर्यंत त्याने कोणाचंच नाव घेतलं नाही. इतके दिवस दाराची कडी वाजली की मी आधी परसदार गाठत असे. आज दुपारी जेवल्यावर गाढ झोप लागली.

सोनाजीने ढोलकी विकायला काढली आहे. मी त्याला म्हटलं, कलावंताने असं मनाला लावून घेऊ नये. तो म्हणाला, ढोलकी तुमीच घ्या. त्याला दोन ओळी सुचत नाहीत, म्हणूनच गाणी मला करावी लागतात.

२० सप्टेंबर

निजामाने शरणागती पत्करली. हिंदुस्थानची फौज काल रस्त्याने गेली. तातेराव पांढरी टोपी घालून सगळ्यात पुढे हार घेऊन उभे होते. टोपी नवी होती, त्यामुळे कपाळावर बसत नव्हती. अमीनसाहेब कुठे गेले कोणाला माहीत नाही. लेव्हीच्या समितीचं नाव बदलून दुसरं ठेवलं आहे. अध्यक्ष बदलायचं कारण पडलं नाही.

आता माझं साप्ताहिक मला उघड्यावर वाचता येईल.

१० ऑक्टोबर

हिरासिंगवर मजकूर लिहिला. मोठा. संपादकांचं पत्र आलं की वाचकांना हुतात्मे हवे आहेत. मी पहिलंच वाक्य असं घेतलं: ‘पैनगंगेपलीकडच्या मातीत जन्मलेला हा वीर निजामी मुलुखात येऊन अमर झाला.’

सौ.नी वाचलं. त्या चकार शब्द बोलत नाहीत हल्ली, आज बोलल्या. “जन्मला तर तो इथे. त्याच्या आईच्या बाळंतपणात सासूबाईंनी इथून तूप पाठवलं होतं. त्याच सांगायच्या.”

मी म्हटलं, साप्ताहिकाचे वाचक तिकडचे आहेत. आपल्या मातीतला म्हटलं की त्यांना भरून येतं.

त्या म्हणाल्या, “तुम्हाला कधी येतं?”

प्रश्नाचा रोख नीटसा कळला नाही.

२४ ऑक्टोबर

छापून आलं, माझ्या नावासकट. ‘जिवाची पर्वा न करता बातम्या पुरवणारे आमचे निर्भीड बातमीदार’ असं संपादकांनी वर घातलं आहे. तातेरावांनी पारावर मला हार घातला आणि अंकाची एक प्रत मागून नेली. वाचनाची आवड त्यांना आधी नव्हती.

१७ नोव्हेंबर

तांडा ज्या गायरानावर आहे त्याची चौकशी करायला नवे नायब तहसीलदार आले. तरुण, नागपूरकडचे, घाईत. तातेरावांचा अर्ज असा की गायरान गावचं आहे, आणि तांडा हा मुळात पल्याडून आलेला, त्यामुळे त्याचा तिथे हक्क नाही. नव्या राज्यात ज्याचं त्याला मिळालं पाहिजे, असं ते म्हणाले.

रूपाबाई उभी राहिली. ती म्हणाली, माझा सासरा इथं मेला, माझा दादला इथं जन्मला. साहेबांनी पुरावा मागितला. तो तिच्याकडे नव्हता. तांड्याकडे सनद कुठली असणार. बैल होते, ते लेव्हीच्या बाकीपोटी जप्त झाले.

तातेरावांनी सभेला विचारलं, धुळवडीला हिरासिंग स्वतःच्या तोंडाने काय म्हणाला होता? माणसं खाली बघत होती. मग एकेक करून म्हणाली, की ऐकलं खरं. खोटं कसं म्हणणार, ऐकलं तर होतंच.

मग तातेरावांनी अंक काढला आणि पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं. हुतात्म्याबद्दल सगळ्यांनी टोप्या काढल्या. साहेबांचेही डोळे पाणावले.

साहेब मला म्हणाले, “शास्त्रीबुवा, लेख आपला ना? माहिती खात्रीची आहे?”

रूपाबाई माझ्याकडे पाहत होती. सौ. बायकांत मागे उभ्या होत्या, त्याही.

इतकी वर्षं बातमीदारी केली. छापून आलेली आपली बातमी खोटी, असं भर सभेत सांगायचं म्हणजे त्या माणसाच्या शब्दाला पुढे किंमत काय राहणार? आणि लेखाचं कौतुक तर सगळ्यांनीच केलेलं.

मी म्हटलं, लेख माझाच आहे.

साहेबांनी सही केली.

२ डिसेंबर

तांडा निघाला. गाड्या मागून आणलेल्या, बऱ्याच बायका-माणसं डोक्यावर बोचकी घेऊन पायीच. पल्याड हिरासिंगच्या बहिणीच्या गावाशेजारी पडीक रान आहे, तिथे जाणार म्हणतात. तातेरावांनी गायरानात नांगर आधीच आणून ठेवला होता. ते म्हणाले, जाऊ द्या सावकाश, घाई न्हाई.

सौ. सकाळपासून तांड्यावर होत्या. त्यांनी भाकऱ्या बांधून दिल्या.

मी वेशीपर्यंत गेलो. या घटनेवर चार ओळी लिहायच्या होत्या, ‘एका वस्तीचं स्वगृही गमन’ असं काहीसं. गाड्यांच्या धुराळ्यात रूपाबाई माझ्यापाशी थांबली. मला वाटलं, शिव्या देईल. त्याला मी तयार होतो. पण तिचा आवाज साधा होता, रस्ता विचारावा तसा.

“बुवा, पल्याड गेल्यावर इच्यारतील, कोन्या गावचे. काय सांगू?”

मी गावाचं नाव सांगितलं.

ती म्हणाली, “ते तं तुमचं हाय.”